दाव्यासकट दिलेली म्हैस

थिएटरात मोठ्याने बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. सगळी नोकरी वर्गासमोर उभं राहून "गप्प बसा" म्हणण्यात गेली, त्यामुळे बाहेरही कुणी बडबडलं की माझा हात डस्टर शोधायला लागतो. तरीही त्या दुपारी, बेळगावातल्या एका थिएटरात, ऐन रडण्याच्या प्रसंगात "अहो, दावं! दावं सोडून घ्या की!" असं खणखणीत आवाजात जी बाई ओरडली, ती मीच.

पुढच्या रांगेतली चार डोकी मागे वळली. शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती कन्नड शाळेत शिकवायची, मी मराठी शाळेत, आणि दोन्ही शाळांचं आवार एकच होतं. निवृत्तही आम्ही पाठोपाठच झालो. तिने मुसमुसायचं थांबवून माझा दंड धरला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू रड."

चित्रपट एका दहा वर्षांच्या पोराचा आणि त्याने वाढवलेल्या म्हशीचा होता. कुठल्याशा डोंगरातलं गाव, आई नाही, बाप अबोल. आईवेगळा पोरगा आणि आईवेगळं रेडकू एकमेकांच्या आधाराने वाढतात. मग एक दिवस बाप म्हैस विकतो. तेव्हा पडद्यावर म्हैस दिसत नाही, पोरगाही दिसत नाही. दिसतं फक्त दावं, बापाच्या हातातून व्यापाऱ्याच्या हातात हळूहळू जाणारं. मागे व्हायोलिन. सगळं थिएटर हुंदके देत होतं आणि मी संतापाने लाल झाले होते.

ज्यांच्या घरी कधी जनावर नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, ते जनावराच्या गळ्यात बांधतो, मग धनी आपलं दावं सोडून घेतो आणि गोठ्यातल्या खुंट्याला अडकवून ठेवतो. पुढचं जनावर आलं की ते त्याच्या गळ्यात जातं. दावं दिलं तर गोठ्याची लक्ष्मीही त्याच्याबरोबर जाते, असं म्हणतात. खरं-खोटं कुणाला ठाऊक, पण आमच्या गावात आजवर कुणी दावं दिलेलं नाही. म्हणजे, एक माणूस सोडून.

थिएटरातल्या कुणालाही ते खटकलं नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. कॅम्पातलं एक फौजी कुटुंब आमच्या मागे बसलं होतं. त्यांची चिमुरडी दर पाच मिनिटांनी "मम्मी, भैंस वापस आएगी ना?" असं विचारत होती आणि तिची आई "आएगी, आएगी" म्हणता म्हणता स्वतःच नाक पुसत होती. माझ्या मैत्रिणीचं तर रेडकू जन्मल्यापासून कन्नडमधलं "अय्यो पाप, अय्यो पाप", म्हणजे "बिचारं गं", चाललं होतं. मध्यंतरात एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "म्हशीचा पिक्चर आहे, पण बरा आहे." सुटल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहात आरशासमोर रांग लागली. एकीला तिचा मेलेला कुत्रा आठवला होता, एकीला उडून गेलेला पोपट. सगळ्या एकमेकींना अनोळखी, पण काजळ पुसत पुसत आपापली जनावरं सांगत होत्या. माझ्या मैत्रिणीने जाहीर केलं की आता काही आपल्याच्याने दूध प्यायलं जाणार नाही. अर्ध्या तासाने तिने कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन कप चहा घेतला आणि घरच्यांसाठी आटवलेल्या दुधाचा पाव किलो कुंदा बांधून घेतला.

"तू का गं रडली नाहीस?" तिने मला विचारलं.

"ज्यांनी जन्मात जनावर बांधलं नाही त्यांनी काढलेल्या चित्रपटावर मी काय रडू?"

हे खोटं होतं. राग आला की मला रडू येत नाही, आणि माझा राग चित्रपटावर नव्हता. तो आप्पांवर होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. बेळगावातच, अनगोळच्या घरात आम्ही दोघंच राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही, ते का हा वेगळा विषय आहे आणि तो मी कुणाला काढू देत नाही. आप्पांचं आणि माझं चांगलं चालतं. त्यांच्या गोळ्या, त्यांचा मऊ भात, सकाळचा पेपर आधी त्यांच्या हातात, हे सगळं मी प्रेमाने करते. फक्त एक गोष्ट माझ्या पोटात मी बारा वर्षांची असल्यापासून बसली होती आणि ती काही केल्या निघत नव्हती.

आमचं गाव खानापूर रस्त्याला. मी लहान असताना आमची म्हैस व्यायली आणि तिसऱ्या दिवशी गेली. रेडकू मागे राहिलं. माझी चुलती म्हणाली, "ह्ये काय जगायचं न्हाय, उगं जीव लावू नको." मला कुणी एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती मी हटकून करते, तेव्हाही करायची. आईचं एक जुनं, फाटलेलं शहापुरी लुगडं होतं, हिरवं, लाल काठाचं. त्याची चिंधी दुधात बुडवून मी रेडकाच्या तोंडात दिली. आधी ते तोंड फिरवायचं. मग एकदा त्याने चिंधी धरली आणि सोडेचना. ते चिंधी चोखायचं, मी ती पुन्हा बुडवायची, असं आठ-दहा दिवस चाललं आणि ते जगलं. त्याचं नाव मी ठेवलं होतं. ते इथे सांगणार नाही, ते तिच्या-माझ्यातलं आहे.

जरा वाढल्यावर गळ्यात दावं हवं. बाजारचं काथ्याचं दावं कोवळ्या मानेला घासतं, म्हणून त्याच लुगड्याच्या पट्ट्या फाडून मी दावं वळायला घेतलं. पण दावं एकट्याने वळता येत नाही. दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. ते आप्पांनी धरलं. शेतातून येऊन ओसरीवर बसायचे, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचे आणि मी चुकले की म्हणायचे, "घट्ट वळ गं. ढिलं पडलं तर मान सोलतंय." म्हैस मोठी झाली तसे त्यात नवे पेड घालून आम्ही ते दोनदा जाड केलं. गावात अशा लुगड्याच्या दाव्याची म्हैस ती एकच. बायका हसायच्या, म्हणायच्या, "म्हशीला साडी नेसवलीया."

मी सातवीत असताना आप्पांना कॅम्पातल्या एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. अनगोळात दोन खोल्या भाड्याने घ्यायचं ठरलं. दोन खोल्यांत म्हैस मावत नाही, एवढं मलाही कळत होतं. चुलत्याचा गोठा आधीच भरलेला होता. निपाणीकडच्या एका तंबाखू करणाऱ्या शेतकऱ्याने म्हैस मागितली. आप्पांनी माझ्यापासून काही लपवलं नाही, समोर बसवून सांगितलं. मी खूप रडले आणि शेवटी एवढंच म्हटलं, "दावं तेवढं मला ठेवा."

"व्हय गं," ते म्हणाले. "दावं कुठं जातंय?"

टेम्पो नेमका वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी आला. मी शाळेतून पळत घरी आले तेव्हा गोठा रिकामा होता आणि खुंटाही रिकामा होता. चुलती अंगणात कपाळाला हात लावून बसली होती. मला बघून म्हणाली, "तुझ्या बानं दावंबी दिलं गं. आता ह्या गोठ्यात लक्षुमी थांबायची न्हाय." आप्पा टेम्पोबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत गेले होते. परत आल्यावर ते हातपाय धूत असताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "दावं?"

"गेलं गं तिच्यासंगं," ते म्हणाले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

बस, एवढंच. ना का, ना कसं. मला वाटलं, विसरले. मी मागितलेली एकच वस्तू, कबूल केलेली, आणि ती सोडून घ्यायचं हा माणूस विसरला. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग आम्ही अनगोळला आलो, नवी शाळा सुरू झाली, बोलल्याशिवाय भागेना, म्हणून बोलायला लागले. पण माणूस जे विसरतो त्याची त्याला किंमत नसते, असं मी बाराव्या वर्षी ठरवून टाकलं आणि त्याचा फेरविचार कधी केला नाही. मी हट्टी आहे, हे माझ्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतील.

गेल्या वर्षापासून मात्र आप्पा खरोखरच विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग वार. एकदा मला "आक्का" म्हणून हाक मारली. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, नवं आधी जाईल, जुनं बरेच दिवस राहील, पण शेवटी तेही जाईल. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं होतं, त्यांच्या डोक्यातून म्हैस जायच्या आत. पण इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न जेवताना "आमटी वाढू का" म्हणावं तसा कसा विचारायचा? तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "मीठ बरोबर आहे का" असं विचारून गप्प बसले.

अशात गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. तो म्हशीचा चित्रपट थिएटरातून उतरला होता आणि चित्रपटवाले आता तो शाळाशाळांतून दाखवत फिरत होते. रविवारी दुपारी आमच्या गावच्या शाळेत होता. "बाई, तुम्ही याच," ते म्हणाले, "आणि आप्पांनाही आणा."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, माझ्या मनात थोडं विष होतं. तो प्रसंग आला की गाव काय करील हे मला पक्कं ठाऊक होतं. दावं देणाऱ्या बापाला माणसं काय म्हणतात ते आप्पांनी आपल्या कानांनी ऐकावं, असं मला वाटत होतं. मग त्यांच्या तोंडून काहीतरी निघेल, निदान "चुकलं" एवढं तरी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाला असल्या हेतूने गावी नेणारी लेक मी.

शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या होत्या. तरी फटींतून ऊन येत होतं आणि पडद्यावरच्या डोंगरावर पिवळे पट्टे पडत होते. पोरं पुढे जमिनीवर, बायका सतरंज्यांवर, पुरुष मागे बाकांवर. आप्पांना पहिल्या बाकावर मानाने बसवलं, मी त्यांच्या शेजारी. चित्रपटवाल्यांकडून एक मध्यमवयीन बाई आल्या होत्या. लॅपटॉप त्याच चालवत होत्या.

थिएटरात माणसं गप्प बसून रडतात. गावात चित्रपट म्हणजे सगळ्यांनी मिळून तपासायचा पेपर असतो. पोराने धार काढायला घेतली आणि बायकांतून पहिला आवाज आला, "आगं, आचळ असं धरतात व्हय? एक थेंब यायचा न्हाय." कुणीतरी म्हणालं, "डोंगरात मुऱ्हा म्हस कुठली आली? तिला तिथं वैरण कोण घालतंय?" रेडकाच्या कपाळावर पांढरा चांद होता. मध्ये दोन-तीन वर्षं गेल्याचं दाखवलं आणि मोठी म्हैस पडद्यावर आली तशी पोरं एकदम ओरडली, "चांद कुठं गेला? चांद कुठं गेला?" चित्रपटवाल्या बाई कपाळाला हात लावून हसल्या. थिएटरात कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पण पोरगा पावसात भिजून येतो आणि म्हशीच्या पोटाला पाठ लावून झोपतो तेव्हा हॉल शांत झाला. माझ्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "ऊब असती गं लई." आप्पांनी मान हलवली.

मग तो प्रसंग आला. व्हायोलिन सुरू झालं. दावं बापाच्या हातातून व्यापाऱ्याच्या हातात गेलं आणि हॉल उसळला.

"दावं दिलं की रं ह्येनं!"

"सोडून घे की, ए बाबा!"

"येडा हाय काय ह्यो?"

इतका गलका झाला की चित्रपटवाल्या बाईंनी लॅपटॉप थांबवला आणि घाबरून विचारलं, काय झालं. पाच-सहा जणांनी एकाच वेळी त्यांना समजावायला सुरुवात केली. शेवटी आप्पांच्या वयाचा एक म्हातारा उठला. त्याच्या दारात आजही चार म्हशी आहेत, त्यामुळे त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. "बाई," तो म्हणाला, "पिक्चर झ्याक हाय. पण ह्ये खोटं हाय. जनावर पोटच्या पोरागत वाढवल्याला माणूस दावं देत न्हाय. ह्यो बापच खोटा हाय."

अगदी माझ्या मनासारखं झालं होतं. मी आप्पांकडे पाहिलं. वाटलं होतं की जिंकल्यासारखं वाटेल. पण आप्पा हातातल्या काठीकडे बघत होते, आणि मला एकदम माझीच लाज वाटली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, चला, आपण बाहेर जाऊ."

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि काठीवर भार देऊन उभे राहिले.

"खोटा न्हाय," ते त्या म्हाताऱ्याला म्हणाले. "मी दिलतं."

"व्हय की," म्हातारा म्हणाला. "तू दिलतास. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"का दिलतं त्ये ठाऊक हाय?"

आप्पा माझ्याकडे न बघता, त्या म्हाताऱ्याकडे बघूनच सांगू लागले. आवाज बारीक होता, पण एक शब्द अडखळला नाही.

"निपाणीचा टेम्पो आलता. त्येंनी त्येंचं दावं बांधलं, मी आमचं सोडून घेतलं. रीतीपरमानंच केलतं. सोडल्या सोडल्या म्हस बिथरली. टेम्पोत चढंना. ओरडाय लागली. एकानं शेपूट पिरगाळलं, एकानं काठी घातली, तरी पाय उचलंना. तोंडाला फेस आला. आमचं दावं माझ्या हातातच हुतं. तर तिनं काय केलं, मान लांब केली आणि माझ्या हातातलं दावं चोखाय लागली. पोरीनं लुगड्याच्या चिंधीवर वाढवल्यालं जनावर त्ये. त्याला दुसरी आई ठाऊक न्हवती. मी दावं परत तिच्या गळ्यात घातलं. गुमान चढली. चढल्यावर सोडून घ्यायचं म्हणून मीबी मागनं चढलो. पर माझा हातच हुईना."

"लक्षुमीचं काय मग?" बायकांतून एक म्हातारी म्हणाली, पण भांडल्यासारखं नाही.

"जाईल तर जाऊ दे म्हटलं. जनावर ओरडत जाऊ नये." मग खाली बघून म्हणाले, "पोरीला शबूद दिलता, दावं ठेवतो म्हणून. त्यो मोडला."

हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुठे बघावं कळेना.

"दोन वर्सांनी निपाणीला एका लग्नाला गेलतो," आप्पा म्हणाले, "तवा वाट वाकडी करून बघून आलो. व्यायलीती. पायात रेडकू हुतं. गळ्यात त्येच दावं. मधनं तुटल्यालं, पर त्येंनी गाठ मारून तेच ठेवल्यालं. लाल काठ दिसत हुता." एवढं बोलून ते बसले.

चित्रपटवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "सुरू करू?"

"जरा मागनं लावा," तो म्हातारा म्हणाला.

त्यांनी चित्रपट मागे नेला. पुन्हा व्हायोलिन, पुन्हा ते दावं, या हातातून त्या हातात. या खेपेला कुणी ओरडलं नाही. म्हाताऱ्याने उठून आपली चंची आप्पांसमोर धरली. आप्पांनी तंबाखू सोडून किती वर्षं झाली आहेत, तरी त्यांनी चिमूटभर घेतली आणि तशीच मुठीत धरून बसले. मी पदर तोंडाला लावला आणि रडले. थिएटरातल्या त्या सगळ्या बायका एका बाजूला आणि मी एका बाजूला, इतकी रडले. पुढे पोराला म्हैस सापडली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, मुख्याध्यापकांनी दटावलं, पण मला पडदा दिसत नव्हता.

नंतर चुलतभावाने घरी चहाला नेलं. त्याच्या गोठ्यात एक नवं रेडकू होतं, महिन्याभराचं. गळ्यात निळं नायलॉनचं दावं, आणि त्याखाली मान लाल झालेली. मी चुलतभावाला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "ताई, आता हेच मिळतंय गं बाजारात."

परतीच्या वाटेवर, गाडीत मागच्या सीटवर, मी आप्पांना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू बोलत न्हवतीस महिनाभर."

"नंतर बोलायला लागले होते की."

"मग म्हटलं, आता बोलाय लागलीया. परत त्ये काढून पोरीला कशाला रडवा?"

आम्ही दोघंही एकमेकांना रडवायला नको म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो होतो, असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. ते मला जपत होते. मी राग जपत होते. मी त्यांना सांगून टाकलं, "आप्पा, मी आज तुम्हाला मुद्दाम आणलं होतं. सगळ्यांनी ओरडलेलं तुम्ही ऐकावं म्हणून."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "बरं केलंस," म्हणाले. "पिक्चर चांगला हुता." मग माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि अनगोळ येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी मी चित्रपटाचा विषय काढला तर आप्पा म्हणाले, "कुठला पिक्चर?" गावी गेलेलंही त्यांना आठवत नव्हतं. मला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. विचारायचं ते विचारून झालं होतं.

कपाटात आईची ठेवणीतली एक शहापुरी साडी होती, जांभळी, पिवळ्या काठाची. नेसवत नव्हती, टाकवत नव्हती. एका सकाळी मी ती काढली, दातांनी काठ तोडून लांब लांब पट्ट्या फाडल्या आणि व्हरांड्यात बसून चुलतभावाच्या रेडकासाठी दावं वळायला घेतलं. बोटांना सवय राहिली नव्हती. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, तर ते सारखं निसटत होतं. आप्पा समोर खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग पेपर खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली, टोक गजाचं सोडून घेतलं आणि पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

"घट्ट वळ गं," ते म्हणाले. "ढिलं पडलं तर मान सोलतंय."

मी घट्ट वळायला लागले. हातभर दावं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाला ह्ये?"

चुलतभाऊ, त्याचं रेडकू, हे सगळं सांगायला गेलं तर त्यांचा गोंधळ होईल, म्हणून मी म्हटलं, "म्हशीला, आप्पा."

वर्गात साधा प्रश्न चुकणाऱ्या पोरीकडे मी जशी बघायची, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"आपल्या म्हशीला दावं हाय की गं," ते म्हणाले. "मी दिलंय तिला."